सरुबाईची ठेव

मार्गशीर्षातली थंडी हवेतून येते असं लोक म्हणतात. कांद्याच्या लावणीला बसलेली बाई तसं म्हणणार नाही. तिच्या लेखी थंडी पाण्यातून येते आणि अंगठ्यातून वर चढते. वाफ्यात पाणी सोडायचं, माती लोण्यासारखी झाली की रोपाचं मूळ बोटानं दाबायचं आणि उकिडव्यानं पुढं सरकायचं. विहिरीचं पाणी बाहेर पडताना कोमट असतं. पाटानं वाफ्याच्या शेवटाला पोचेस्तोवर त्याची ऊब जाते. म्हणून पाण्याच्या तोंडाची पात, म्हणजे लावायची पहिली ओळ, सगळ्यांनाच हवी असते, आणि सावडीत ती पात घरधनिणीनं घ्यायची नसते, आलेल्या बाईला द्यायची असते.

छायाच्या शेतात लावणी लागली तेव्हा ती पात तिनं सरुबाईला दिली.

सरुबाई तिची चुलत जाऊ. नवरा मोतीराम गेल्यापासून बांधापलीकडचा मळा ती एकटीच बघायची. आता वर्षभर लेकही घरी होती. दीपमालाचं सासर नाशिकरोडला होतं. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली, चार पंच बसले आणि फारकत झाली. सरुबाई कुणापुढं रडली नाही, तरी तिच्या घराकडं बघून छायाला आत कुठंतरी गलबलून यायचं. खरं सांगायचं तर त्या गलबलण्यात थोडं सुखही होतं. मागच्या हिवाळ्यात तिनं आपल्या नवऱ्याचा, सोमाचा, जुना स्वेटर सरुबाईला दिला होता. सरुबाई तो पदराखाली घालून लावणीला यायची आणि छाया रोज एकदा तरी त्याच्याकडं बघायची.

छाया, सरुबाई, अक्काबाई आणि सिंधुबाई अशा चौघींची सावड होती. आज तुझ्यात, उद्या माझ्यात. मजुरीचा रोज कुणी कुणाला द्यायचा नाही, चहा मात्र जिच्या शेतात काम तिचा. अक्काबाई आणि सिंधुबाईचे कांदे लावून झाले होते. छायाचं आटोपलं की सरुबाईची पाळी.

"सरू, तुव्हं रोप तयार हाय ना?" अक्काबाईनं विचारलं.

"मनगटाएवढ्या जुड्या निघत्यात," सरुबाई म्हणाली. "उपटायचीच खोटी हाय."

"माती मऊ ठेव गं मग. परवा तुव्ह्या वाफ्यात खडे निघाले तं चहा डबल लागंल."

चौघी हसल्या. छायाही हसली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळं झेंडूला बरा भाव होता. सोमानं फुलं विकून आणली आणि छाया पैसे घेऊन बँकेत गेली. गावातली बँक म्हणजे दोन खोल्या, एक पंखा आणि काचेआड दत्तू. दत्तू शेजारच्या वाडीचा. लग्नकार्यात पंगतीला वाढायला असायचा, सगळ्यांना नावानं हाक मारायचा. बायका त्याच्यापुढं लाजत नसत, कारण सही चुकली तर तो वरडत नसे.

त्यानं नोटा मोजल्या, रबर लावलं आणि मान हलवली.

"एवढ्याशाच का, वहिनी?"

"फुलांचे हायेत, भावजी. कांदा निघाला म्हणजे बघू."

"वरून साहेब मागं लागलेत, ठेवी आणा, ठेवी आणा. तुम्ही जरा तुमच्या जावंकडं बघून शिका." तो काचेच्या फटीशी वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दीड लाखाची ठेव केली सरुबाईनं. एकरकमी. वर्षावर वर्ष, हात लावायचा नाय म्हणती. तुम्ही निदान पंचवीसची तरी करा. मी फॉर्म भरून देतो."

छायाच्या मागं दोन माणसं उभी होती. ती काय बोलली ते तिला नंतर आठवेना. बहुतेक "बघते" म्हणाली असेल.

घरी येताना ती नदीच्या कडेनं आली. तो रस्ता लांबचा होता. डोक्यात सारखी एकच गोष्ट फिरत होती आणि ती रकमेची नव्हती. सरुबाई वाटीनं साखर मागायला आली होती त्याची होती. परवाच्या दुपारी सरुबाईनं भाकरीबरोबर नुसती चटणी खाल्ली होती आणि छायानं आपल्या वांग्याची भाजी तिच्या भाकरीवर टाकली होती. सरुबाईनं ती मुकाट खाल्ली. दीड लाखाची धनीण आणि वांगी कुणाची, तर आपली. छायाला वाटलं, आपल्याला कुणीतरी वर्षभर हसतंय.

तिनं मनाशी ताडून पाहिलं. सोमाचं आणि तिचं मिळून बँकेत किती, घरात किती, अंगावर किती. कितीही वेळा मांडलं तरी सरुबाई वर निघायची. इतके दिवस छाया वर होती. फार नाही, एक पायरी. त्या पायरीवर उभं राहूनच ती सरुबाईवर माया करत होती, हे तिला नदीच्या कडेला पहिल्यांदा कळलं, आणि कळलं म्हणून काही राग उतरला नाही.

लावणीच्या शेवटच्या दिवशी सरुबाई दुपारी घरी गेली, दीपमालाला ताप होता. बाकीच्या तिघी विहिरीच्या थारोळ्याशी भाकरी सोडून बसल्या.

"बिचारी," सिंधुबाई म्हणाली. "पोरीचं एकदा मार्गी लागलं म्हणजे सुटली."

"कशाची बिचारी?" छाया म्हणाली.

तिला वाटलं होतं तेवढंच बोलून गप्प बसू. पण अक्काबाईनं भाकरीचा घास हातातच धरला आणि छायाच्या तोंडाकडं बघितलं. मग छायानं सगळं सांगितलं. दत्तू काचेशी कसा वाकला तेही करून दाखवलं.

"लाख आन् वर पन्नास?" सिंधुबाईनं विचारलं.

"दत्तूभावजी खोटं कशाला बोलतील?"

"आन् आपण तिच्यात फुकट चिखल तुडवायचा," अक्काबाई म्हणाली. "सावड आपल्यासारख्यांची. तिला मजूर परवडत्यात की. पेठचे मजूर कामाला खाली आलेत, गावच्या आडावरच उतरलेत. घेऊ दे की लावून."

छायानं घास मोडला. पोटात बरं वाटलं. असं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरुबाईनं पहाटेच रोप उपटलं. जुड्या बांधून, शेंडे छाटून, ओल्या गोणपाटाखाली बांधावर रचून ठेवल्या. लाइट सकाळी होती, म्हणून वाफे भरून घेतले. अक्काबाईचा निरोप आला की नातू आजारी आहे. सिंधुबाईचा निरोपच आला नाही. छाया स्वतःच्या अंगणात बसून बांधापलीकडं बघत होती. सोमा म्हणाला, "जायचं नाय का?"

"अंग मोडून आलंय."

"तिनं तुव्ह्यात दोन दिवस काढलेत."

"मोडून आलंय म्हणलं ना."

दिवसभर सरुबाई आणि तापातून उठलेली दीपमाला दोघीच लावत होत्या. दोघींच्या पाती संपेस्तोवर पुढच्या वाफ्यातलं पाणी जिरून जायचं, माती घट्ट व्हायची, बोट आत जायचं नाही. सरुबाई मग खुरपं घ्यायची. दुपारी गोणपाटाखालच्या जुड्यांचे शेंडे माना टाकायला लागले ते छायाला अंगणातून दिसत नव्हते, पण रोप किती वेळ तग धरतं ते तिला माहीत होतं. तिनं धान्य पाखडायला घेतलं. सूप हातात असलं म्हणजे बघायला लागत नाही.

तिसऱ्या दिवशी देवळ्याहून माणूस आला.

दीपमालाची दुसरी सोयरीक देवळ्याला जुळत होती. पाट लावून साधं पुनर्लग्न करायचं, मुलगी आणि नारळ, बाकी काही नको, असं ठरलं होतं. मुलाची पहिली बायको गेलेली, कांद्याची शेती, माणसं बरी वाटली होती. आलेला माणूस मुलाचा मामा. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि चहाची वाट न बघता म्हणाला, "आमनी काय मागणी नव्हती. पन आते तुमनाकडे पैसा शे ना. मंग पोऱ्याले गाडी देवाले काय हरकत शे?"

अक्काबाईची भाची देवळ्यालाच दिलेली होती. बातमीला चालत जायची गरज पडली नव्हती.

हे सगळं छायाला सरुबाईनंच सांगितलं. त्याच संध्याकाळी ती बांध ओलांडून आली. छाया चुलीपुढं होती. सरुबाई दाराशी उभी राहिली, आत आली नाही. तिच्या अंगठ्याच्या नखाखाली चिखल गेला होता आणि नखी लाल झाली होती.

"अक्काबाई म्हणली, छाया बोलली. खरं हाय का?"

"सगळा गाव बोलतोय, बाई."

"गावाला कुणी सांगितलं ते नाय विचारत. तुला कुणी सांगितलं?"

छायानं चुलीत लाकूड सारलं. "दत्तूनं."

"तोंडानं? बँकेत?"

"हो. काचेपल्याडून."

सरुबाईनं मान हलवली. छाया भांडणाची वाट बघत होती. भांडण झालं असतं तर तिलाही बोलता आलं असतं. पण सरुबाई थांबलेलीच राहिली, तेव्हा छायाच उसळली.

"तुम्ही मला नाय सांगितलं. साखर मागायला येत व्हता. माही भाजी खात व्हता. दीड लाख घरात आन् मी तुम्हाला स्वेटर देती. मला काय येडी समजलात?"

"ते माझे नाय," सरुबाई म्हणाली. "पोरीच्या फारकतीचे हायेत. पंचांपुढं मिळाले. त्यातली साखर मी खायची?"

"मग तसं सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तं आज देवळ्याला कळलं ते तवाच कळलं असतं."

दीपमाला मागून आली होती. ती बारावीपर्यंत शिकलेली, बोलणं शहरातलं. ती म्हणाली, "काकू, आम्ही उद्या बँकेत तक्रार देणार आहोत. आई दुपारीच मॅनेजरला भेटून आली. ते म्हणतात, गावात बातमी कुठूनही फुटते, आमच्या माणसानं सांगितलं याला काय आधार. ज्यानं स्वतः ऐकलं तो माणूस आणा म्हणतात. ऐकलेलं माणूस एकच आहे."

"देवळ्याच्यांना काय सांगितलं?" छायानं विचारलं.

"जा म्हणून सांगितलं," दीपमाला म्हणाली. "मला तो मुलगा आवडला होता."

त्या दोघी गेल्यावर सोमा म्हणाला, "जाऊ नको. आपल्या पाइपलाइनच्या कर्जाचा कागद दत्तूच्या टेबलावर हाय. त्याचं तोंड बघायचं, पुन्हा त्याच्याचकडं जायचं. आन् तिथं तुला विचारतील, बाई, तुम्ही गावभर का केलं. काय सांगशील?"

छायानं तव्याकडं वळून बघितलं. भाकरी करपली. तिनं ती स्वतःच खाल्ली.

सकाळी ती साडी बदलून बांधावर गेली तेव्हा सरुबाई आणि दीपमाला निघालेल्याच होत्या. तिघी चालत गेल्या. हरभऱ्यावर दहिवर होतं, पायघोळ साड्यांच्या काठांना ते लागत होतं.

मॅनेजर साहेब परजिल्ह्यातले, पोट सुटलेले, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी तिघींना बसायला सांगितलं, चहा मागवला. हा चहा कशासाठी ते छायाला लगेच कळलं.

"हे बघा मावशी," ते म्हणाले, "गाव छोटं आहे. इथं कुणाच्या घरी काय शिजतं तेही सगळ्यांना कळतं. दत्तू आपलाच माणूस आहे. मी त्याला समज देतो. विषय वाढवून काय मिळणार?"

"घरात काय शिजतं ते वासानं कळतं, साहेब," सरुबाई म्हणाली. "हे तुम्ही कडीकुलपात ठिवलं व्हतं. तुमच्यातल्यानंच उघडलं."

दीपमालानं कागद पुढं केला. रात्री लिहिलेला होता, शाई एकसारखी, अक्षर सरळ. "एक प्रत तुमच्याकडं. या दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख द्या. तिसरी मी नाशिकच्या मोठ्या ऑफिसला रजिस्टरनं पाठवतेय."

साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढला. दत्तूला आत बोलावलं.

दत्तू आला आणि छायाला बघून हसला. सवयीनं हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"बाई, तुम्ही सांगा," साहेब छायाला म्हणाले. "यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

छायानं पदर सावरला. खोलीतला पंखा बंद होता, पण तिला गार वाटत होतं. "दीड लाखाची ठेव म्हणले. सरुबाईनं केली, एकरकमी. जावंकडं बघून शिका म्हणले. मागं दोघं उभे व्हते."

"वहिनी," दत्तू म्हणाला, "मी तुमच्या घरचं म्हणून बोललो. जावाजावा तुम्ही. रोज एका बांधावर. मला काय माहीत तुमच्यात नाय ते."

छायाला त्याचं म्हणणं पटत होतं, तेच वाईट होतं. एका बांधावर रोज. त्यालाही वाटलं होतं की छायाला माहीत असणारच.

"घरचं असतं," ती म्हणाली, "तं तिनंच सांगितलं असतं. तिनं मला नाय सांगितलं. म्हणजे ते तुमच्याकडूनही मला कळायला नको व्हतं."

बोलताना तिचा आवाज भरून आला. साहेबांना वाटलं बाई पश्चात्तापानं रडतेय. सरुबाईला काय वाटलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"मग गावात कोण बोललं?" दत्तूनं विचारलं. प्रश्न सरळ होता.

"मी."

साहेबांनी खाली बघत शिक्का मागवला. दत्तूनं सरुबाईची माफी मागितली, अर्धी तिच्याकडं बघत आणि अर्धी साहेबांकडं. चौकशी होईल, नाशिकहून कुणी आलं तर बाईंना पुन्हा सांगावं लागेल, असं साहेब म्हणाले. छायानं कागदावर सही केली. पाइपलाइनच्या कागदाचं तिनं विचारलं नाही, पण बाहेर पडताना दत्तूच्या टेबलाकडं तिची नजर गेलीच.

पायरीवर दीपमालानं पोच घडी करून पिशवीत घातली.

"ठेव मोडायला अर्ज दिलाय ना?" सरुबाईनं तिला विचारलं.

"दिला. दोन दिवसांनी मिळतील."

"दुसऱ्या बँकेत ठेवणार का?" छायानं विचारलं. "सायखेड्याला, का नाशिकलाच?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. सरुबाई म्हणाली, "बघू."

बस्स, तेवढंच. छायानं स्वतः दत्तूपुढं उभं राहून सांगितलं होतं, साहेबांसमोर आपल्या तोंडाला काळं फासून घेतलं होतं, तरी तिच्या वाट्याला "बघू" आलं. तिला माय-लेकींच्या त्या एका नजरेचा इतका हेवा वाटला की पुढचं अर्धं गाव ती त्यांच्या मागं मागं चालली.

पुढच्या सकाळी सरुबाईच्या मळ्यात मजूर होते. पेठकडचा बुधा, त्याची बायको पुतळाबाई आणि आणखी तिघी. पहिलं रोप बरंचसं वाया गेलं होतं, सरुबाईनं विकत रोप आणलं होतं. कुठून आणि कसल्या पैशातून, ते छायानं मनातल्या मनात विचारलं. तिनं शेण काढलं, सोमाचा डबा बांधला आणि ऊन अंगणात आल्यावर साडी खोचून बांध ओलांडला.

"सावड फेडायला आले," ती म्हणाली.

सरुबाईनं मान वर केली, रोपाची जुडी दिली आणि हातानं शेवटची पात दाखवली. पाण्याच्या तोंडाला पुतळाबाई बसली होती.

छायानं दिवसभर लावलं. शेवटच्या पातीत पाणी गार होतं आणि पोचायला वेळ लावत होतं. पुतळाबाईची बोटं भराभर चालायची, भातलावणीची सवय असलेली बोटं. ती लावता लावता बुधाशी तिच्या बोलीत काहीतरी बोलायची आणि दोघं हसायची. दुपारचा चहा दीपमालानं आणला, सगळ्यांना सारखा. छायाच्या कपात जास्त नाही, कमी नाही.

सांजेला पाय धुवून मजूर बांधावर बसले. सरुबाईनं कमरेची पिशवी काढली आणि एकेकाच्या हातावर रोज ठेवत आली. बुधा, पुतळाबाई, त्या तिघी. मग ती छायापुढं थांबली आणि तिच्याही हातावर नोटा ठेवल्या.

"बाई, मी सावडीनं आले व्हते."

"घे," सरुबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाकीच्यांना ज्या आवाजात म्हणाली त्याच आवाजात म्हणाली. ती पुढं गेली, रिकाम्या जुड्यांच्या दोऱ्या गोळा करायला लागली.

छायाला नोटा परत करता आल्या असत्या. पुतळाबाई बघत होती. नोटा टाकल्या असत्या तर तमाशा झाला असता, आणि ठेवल्या तर ती मजूर झाली. तिनं त्या मुठीत धरल्या. हात ओला होता, कडा ओलसर झाल्या.

"तुला किती मिळाले?" तिनं पुतळाबाईला विचारलं.

पुतळाबाईनं नोटा उलगडून दाखवल्या. छायापेक्षा तिला जास्त होते. ती पहाटेपासून होती, छाया ऊन आल्यावर आली होती. हिशेब चोख होता, त्यात बोलायला जागा नव्हती. तरी छायाच्या छातीत जे कळवळलं ते दत्तूच्या काचेपुढं कळवळलं होतं त्याहून कमी नव्हतं. पेठवरून आलेल्या बाईला सरुबाईच्या मळ्यात आपल्यापेक्षा जास्त.

मजूर उठले. बांधावर सरुबाई एकटीच वाकून दोऱ्या गुंडाळत होती. अजून तीन वाफे राहिले होते.

छाया तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या किती वाजता लागायचं?"

सरुबाईनं मान वर केली नाही.

"बाया उजाडायच्या आत येत्यात," ती म्हणाली.